‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नापलीकडे

न्यूझीलंडला का आलात, असं कोणी विचारलं की आपण जी कारणं सांगतो त्यांत ‘मुलांसाठी’ हे कारण पहिल्या तिनांत असतंच. मोकळी मैदानं, पाठीवर ओझं नाही, गुणांची मारामारी नाही, छडी नाही. हे सगळं खरंही आहे. तरी सँडरिंगहॅम रोडवर किराणा घेताना, किंवा मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना, आईबापांच्या बोलण्यात दुसरंच काही ऐकू येतं. ‘चिरंजीव आजकाल डबा तसाच परत आणतात.’ ‘मुलगी फोन उशाखाली घेऊन झोपते.’ ‘शाळेतून ईमेल आलाय, मुलानं म्हणे कोणाला तरी ढकललं. आता व्हिसावर काही परिणाम होईल का हो?’

मी एका शाळेच्या बोर्डावर तीन वर्षं पालक प्रतिनिधी होते. तिथं ऐकलेल्या गोष्टी तिथंच राहतात, त्या इथं सांगणार नाही. पण नियम काय आहेत, पालकांना काय विचारता येतं आणि आपली माणसं कुठं गप्प बसतात, हे त्या काळात नीट कळलं. तेवढंच या लेखात मांडते. भारतातल्या आजी-आजोबांनीही वाचावं, कारण मूल पुष्कळदा पहिली गोष्ट व्हिडिओ कॉलवर त्यांनाच सांगतं.

रस्त्याची भीती

आपल्याला सर्वांत आधी भीती वाटते ती रस्त्याची आणि अनोळखी माणसाची. सँडरिंगहॅममध्ये या भीतीला एक तारीख आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी इथल्या एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, चोरीच्या वेळी एका भारतीय माणसाचा भोसकून खून झाला. ज्या दुकानात मुलं आइसक्रीम आणायला जात, तिथंच. त्यानंतर कित्येक घरांत मुलांचं चालत येणं-जाणं बंद झालं. ते समजण्यासारखं होतं.

पण मुलाला कायम गाडीतून सोडणं हा काही उपाय नव्हे. शाळेच्या दारात सकाळी गाड्यांची जी झुंबड उडते, तोही एक धोकाच आहे. यावरचा एक उपाय आपल्या अगदी शेजारी सुरू झाला. ऑकलंडमधली पहिली ‘वॉकिंग स्कूल बस’ १९९९ साली माउंट अल्बर्टच्या ग्लॅडस्टोन प्राथमिक शाळेत निघाली. बस म्हणजे गाडी नव्हे. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, दोन-तीन पालक आणि त्यांच्यासोबत चालत जाणारी मुलं. आपल्याकडे वाड्यातली पोरं एकत्र शाळेत जात, त्याचंच हे शिस्तीतलं रूप. तुमच्या शाळेत ती नसेल तर चार घरांनी मिळून सुरू करता येते.

इथला आणखी एक नियम नव्यानं आलेल्यांना माहीत नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला, त्याच्या देखरेखीची वाजवी सोय न करता, एकटं सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा तीनला सुटते, आपण सहाला घरी येतो. मधल्या तीन तासांचं काय, हे ठरवणं पालकांच्या माथी असतं. मुलाच्या गळ्यात किल्ली अडकवून ‘शहाणा आहे आमचा’ म्हणण्याची मुंबई-पुण्याची सवय इथं चालत नाही.

ओळखीची माणसं

खरा प्रश्न मात्र रस्त्यावर संपत नाही. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आपण सर्वांनी इथून, फोनच्या पडद्यावर पाहिलं. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाले. आरोपी १ ऑगस्टपासून कंत्राटावर लागलेला सफाई कामगार होता. मुलींनी घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी विश्वास ठेवला, पण पोलिसांनी तक्रार नोंदवून घ्यायला कित्येक तास लावले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीनं मेला आणि त्याच्यावरचा खटला तिथंच थांबला.

त्या दिवसांत आपल्या ग्रुपवर ‘बरं झालं आपण इथं आहोत’ असे मेसेज फिरले. म्हणून दुसरी गोष्ट सांगायला हवी. सँडरिंगहॅमहून गाडीनं थोड्याच अंतरावर, एप्सममध्ये, डिलवर्थ ही मुलग्यांची जुनी निवासी शाळा आहे. गरजू घरांतल्या मुलांना मोफत शिकवणारी, देणगीवर चालणारी. तिथं अनेक दशकं मुलांचं लैंगिक शोषण झालं. डेम सिल्व्हिया कार्टराइट आणि फ्रान्सिस जॉयचाइल्ड यांच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात किमान १७५ मुलांचं शोषण झालं असावं, असा निष्कर्ष आहे. मुलांनी तक्रारी केल्या होत्या. पण शाळेचं नाव जाईल म्हणून कित्येक प्रकरणं पोलिसांपर्यंत पोचलीच नाहीत, काही माणसं गुपचूप दुसरीकडे गेली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, १९५० ते १९९९ या काळात सरकारी आणि चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांचा शाही आयोगाचा अहवाल आला आणि १२ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी संसदेत देशाच्या वतीनं माफी मागितली.

बदलापूर आणि एप्सम यांच्यात काही हजार मैलांचं अंतर आहे, पण धागा एकच. इजा करणारा माणूस बाहेरून भिंत चढून आला नव्हता. त्याला आत यायची परवानगी होती. आणि शाळेला मुलापेक्षा स्वतःच्या नावाची काळजी जास्त होती.

आज कायदा काय म्हणतो? भारतात २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. न्यूझीलंडच्या १९८९ च्या कायद्याचा शब्द वेगळा आहे: मुलाला इजा होते आहे असं वाटल्यास कोणीही ओरांगा तामारिकीला किंवा पोलिसांना कळवू ‘शकतो’, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला संरक्षण मिळतं. २०१४ च्या चिल्ड्रन्स ॲक्टमुळे शाळेला बालसंरक्षणाचं लेखी धोरण ठेवावं लागतं. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांची ओळख, कामाचा पूर्वेतिहास, संदर्भ आणि पोलिसांकडची नोंद हे सगळं तपासावं लागतं. ही तपासणी दर तीन वर्षांनी पुन्हा होते. शिक्षकांची नोंदणी टीचिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

तेव्हा शाळेत गेल्यावर पालकानं सरळ विचारावं: तुमचं बालसंरक्षण धोरण कुठं वाचायला मिळेल? शाळेच्या वेळेत येणाऱ्या कंत्राटदारांची तपासणी कोण करतं? कॅम्पला मुलांसोबत रात्री कोण राहणार आहे? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. चांगल्या शाळेला याची उत्तरं तयार ठेवावी लागतात आणि तिला तुमच्या प्रश्नाचा राग येत नाही.

वर्गातलं, मधल्या सुट्टीतलं, फोनमधलं

रोजचा त्रास मात्र बहुतेक वेळा मोठ्यांकडून होत नाही, तो मुलांकडून मुलांना होतो. या बाबतीत न्यूझीलंडची पाटी कोरी नाही. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत २०१८ साली पंधरा वर्षांच्या ३२ टक्के मुलांनी सांगितलं की महिन्यातून काही वेळा तरी आपल्याला छळलं जातं. ओईसीडी देशांची सरासरी २३ टक्के होती. एज्युकेशन रिव्ह्यू ऑफिसच्या २०१९ च्या अहवालात प्राथमिकच्या ४६ आणि माध्यमिकच्या ३१ टक्के मुलांनी सध्याच्या शाळेत बुलिंग सोसल्याचं सांगितलं.

आपल्या मुलांच्या वाट्याला त्याचे काही ठरावीक प्रकार येतात. डब्याच्या वासावरून नाक मुरडणं, नावाची मोडतोड, उच्चारांची नक्कल. मूल घरी येऊन फक्त एवढंच म्हणतं, ‘उद्यापासून पोळी-भाजी नको, सँडविच दे.’ आपण सँडविच देतो आणि प्रश्न मिटला असं समजतो. खरं तर त्या वाक्यानंतर पाच मिनिटं शेजारी बसायला हवं.

शाळेत सांगायचं म्हटलं की आपल्या आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘तक्रार केली तर त्याला आणखी त्रास देतील ना?’ ही भीती खोटी नाही. पण गप्प राहिल्यानं त्रास थांबतो असंही कुठं दिसत नाही. २०२० च्या एज्युकेशन अँड ट्रेनिंग ॲक्टनुसार शाळा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी शरीरानं आणि मनानं सुरक्षित राहील हे पाहणं हे बोर्डाच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. वंशभेद आणि बुलिंग नाहीसं करण्यासाठी शाळेनं सर्व वाजवी पावलं उचलावीत, असंही त्यात लिहिलं आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही.

तक्रार कशी करावी, याची एक साधी रीत आहे. आधी मुलाशी बोलून काय, कधी, कुठं, कोणासमोर घडलं हे तारखेनिशी लिहून काढा. मग वर्गशिक्षकांना, माध्यमिकला असेल तर डीनला, ईमेल करा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा ईमेल पाठवा. भेटीत तीन गोष्टी विचारा: तुम्ही काय करणार, कधीपर्यंत करणार आणि पुन्हा घडलं तर मुलानं कोणाकडे जायचं? दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. तिथं भागलं नाही तर प्रिन्सिपल, मग बोर्डाला लेखी पत्र आणि त्यानंतर ओम्बुड्समन. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा, किंवा मंडळातल्या कोणाला तरी सोबत न्या. त्या दुसऱ्या मुलाच्या आईबापांना पार्किंगमध्ये गाठून जाब विचारणं मात्र टाळा. त्यानं हमखास बिघडतं.

फोनचा प्रश्न निम्माच सुटला आहे. २०२४ च्या दुसऱ्या सत्रापासून देशभरच्या शाळांत दिवसभर फोन बाजूला ठेवण्याचा नियम आला, त्यामुळे मधल्या सुट्टीत मुलं पुन्हा खेळू लागली. पण तीननंतर ग्रुप चॅट सुरू होतंच. तिथल्या छळासाठी २०१५ चा हार्मफुल डिजिटल कम्युनिकेशन्स ॲक्ट आहे आणि नेटसेफ ही संस्था मोफत मदत करते. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवा. कोणा मुलाचं किंवा मुलीचं उघडं छायाचित्र फिरत असेल तर मात्र ते स्वतः साठवू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. नेटसेफला किंवा पोलिसांना लगेच कळवा. आणि मुलाचा फोन काढून घेण्याची धमकी देऊ नका. फोन जाईल या भीतीनंच मुलं पुढच्या वेळी सांगत नाहीत.

आपलंच मूल चुकतं तेव्हा

या विषयावर आपल्यात सर्वांत कमी बोललं जातं. छळणारं मूल नेहमी दुसऱ्याच्याच घरातलं नसतं. बॅगेत व्हेप सापडतो, चॅटवर कोणाच्या रंगावरून किंवा जातीवरून घाण लिहिलेलं असतं, हात उचललेला असतो. शाळेचा फोन येतो आणि घरात सुतक पडतं. पहिला विचार मुलाचा नसतो, ‘कोणाला कळता कामा नये’ हा असतो.

नियम असे आहेत. मुलाला शाळेपासून काही दिवस दूर ठेवण्याचा अधिकार फक्त प्रिन्सिपलला आहे, तोही गंभीर गैरवर्तन, सतत अवज्ञा किंवा गंभीर इजेची शक्यता अशा कारणांसाठी. ‘स्टँड-डाऊन’ एका सत्रात जास्तीत जास्त पाच आणि वर्षात दहा शालेय दिवसांचा असतो. ‘सस्पेन्शन’ त्याहून मोठं पाऊल आहे. त्यात सात शालेय दिवसांच्या आत बोर्डाची बैठक होते, तिची कागदपत्रं पालकांना किमान ४८ तास आधी मिळावी लागतात, आणि त्या बैठकीत मूल, आईबाप आणि त्यांच्यासोबतचं माणूस बोलू शकतं. बोर्ड सस्पेन्शन उठवू शकतं, अटी घालू शकतं किंवा मुलाला शाळेतून काढू शकतं. मूल सोळाच्या आत असेल तर त्याला दुसरी शाळा मिळवून देण्याचा प्रयत्न प्रिन्सिपलला करावा लागतो.

याला एक चोरवाट आहे आणि आपली माणसं तिथंच फसतात. ‘रेकॉर्डवर नको असेल तर तुम्हीच त्याचं नाव काढून घ्या,’ असं सुचवलं जातं; किंवा ‘दोन-चार दिवस घरी ठेवा’ असं तोंडी सांगितलं जातं. याला इथं ‘कीवी सस्पेन्शन’ म्हणतात आणि ते कायद्याला धरून नाही. अब्रूच्या भीतीनं आपण लगेच हो म्हणतो, वर आभारही मानतो. मुलाला मात्र बाजू मांडायची संधी मिळत नाही, समुपदेशन मिळत नाही, आणि वर्षाच्या मध्यात नवी शाळा शोधावी लागते. अशा वेळी एकच वाक्य म्हणावं: ‘हे स्टँड-डाऊन आहे का? असेल तर लेखी द्या.’ यूथलॉ ही संस्था तरुणांना मोफत कायदेशीर सल्ला देते. स्टँड-डाऊन ही शाळेची कारवाई आहे. ती कोर्टानं दिलेली शिक्षा नव्हे, हेही मनाशी धरावं.

बाजू मांडायची म्हणजे चूक झाकायची नव्हे. अनेक शाळांत ज्याला त्रास झाला आणि ज्यानं दिला त्या दोघांना, घरच्यांसह, एकत्र बसवून बोलतं करतात. या पद्धतीमागे माओरी समाजाची एकत्र बसून निवाडा करण्याची रीत आहे. अशा बैठकीत आपल्या मुलानं ‘सॉरी’ म्हणून सुटका करून घेऊ नये. काय केलं, त्यानं समोरच्याचं काय झालं आणि आता भरपाई कशी करणार, हे स्वतःच्या तोंडानं सांगावं. आईबापांनी शेजारी बसावं, मध्ये बोलू नये. हे फार जड जातं. पण मूल माणूस म्हणून घडतं ते अशाच तासाभरात.

आणि घरी? ‘एक कानाखाली दिली की सुधारेल’ असं सांगणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. न्यूझीलंडच्या शाळांत छडी १९९० साली कायद्यानं बंद झाली, आणि २००७ पासून आईबापांनाही शिस्त लावण्यासाठी मारण्याची मुभा नाही. किरकोळ बाबतीत खटला न भरण्याचा विवेकाधिकार पोलिसांना आहे, त्यामुळे ‘एक चापट मारली की सरकार मुलं घेऊन जातं’ ही मंडळात फिरणारी दंतकथा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे: मार खाल्लेलं मूल पुढची गोष्ट लपवायला शिकतं. आणि सुरक्षिततेचा सगळा डोलारा मूल सांगतं की नाही, यावरच उभा आहे.

आणि आपलं मंडळ?

शाळांना प्रश्न विचारायचे तर तेच आपण स्वतःलाही विचारायला हवेत. रविवारची मराठी शाळा, गणेशोत्सवाच्या नाचाच्या तालमी, नाटकाचे प्रयोग, उन्हाळी शिबिर, ओळखीच्या काकांकडची गणिताची शिकवणी. इथं सगळं विश्वासावर चालतं. ‘आपलीच माणसं’ हा आपला एकमेव नियम असतो. डिलवर्थमध्येही सगळी आपलीच माणसं होती.

म्हणून कार्यकारिणीपुढे चार गोष्टी ठेवते. मुलांसोबत नियमित काम करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. अध्यक्षांपासून सुरुवात झाली तर कोणाला अपमान वाटणार नाही. कोणीही प्रौढ माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड नसावा. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारावं. आणि तक्रार घ्यायला दोन माणसं नेमावीत, त्यांतली एक बाई असावी, आणि दोघांची नावं कार्यक्रमपत्रिकेवर छापावीत. याला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो थोडा संकोच बाजूला ठेवण्याचा धीर.

आजी-आजोबांना एक विनंती. नातवंडानं फोनवर काही सांगितलं तर ‘छे, असं काही नसतं, तू दुर्लक्ष कर’ असं म्हणू नका. ‘बरं झालं मला सांगितलंस. आईबाबांना आपण दोघं मिळून सांगू,’ एवढंच म्हणा. लांबून तुमच्या हातात दुसरं काही नसेल, पण हे एक वाक्य नक्की आहे.

आईबापांसाठीही तसंच. ‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी विचारून पाहा: आज डबा कोणाबरोबर खाल्लास? आज कोण एकटं बसलं होतं? कोणाचं वागणं तुला विचित्र वाटलं? गाडी चालवताना विचारलं तर उत्तर लवकर येतं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. रात्री-अपरात्री मुलाला घरच्यांशी बोलणं नकोसं वाटलं तर १७३७ या क्रमांकावर फोन किंवा मेसेज मोफत करता येतो. तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि तातडीचा धोका असेल तर १११.

या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन मुलं एका खोलीत आणि मोठी माणसं दुसऱ्या खोलीत बसतील, तेव्हा मोठ्यांच्या खोलीत दहा मिनिटं हा विषय निघू द्या. कोणाच्या तरी घरात तो आधीच येऊन बसलेला असेल, आणि ते घर कोणीतरी आधी बोलेल याची वाट पाहत असेल.